तांब्याभर पाणी

झिंडेलफिंगेन, जर्मनी
९ नोव्हेंबर, शनिवार

आज सकाळी अंघोळ करून पूजेचा छोटा तांब्या भरला आणि बाल्कनीचं दार उघडलं, तर तुळशीच्या शेंड्याची दोन पानं काळी पडली होती. थर्मामीटरवर दोन अंश. पाणी घालायचं बाजूला ठेवून मी कुंडी उचलली आणि ओल्या पायांनीच आत आणली.

"अहो, फरशी!" लता ओरडली.

फरशी म्हणजे लाकडासारखं दिसणारं काहीतरी आहे. तिच्यात पाणी मुरलं तर घरमालक ती बदलून मागतो, तसं करारातच लिहिलंय. म्हणून दुपारी लता दुकानातून पांढरी, चिनीमातीची मोठी कुंडी घेऊन आली. इथे घरात झाड ठेवताना त्याची कुंडी अशा दुसऱ्या कुंडीत बसवतात. हिला तळाला भोक नसतं. आपली कुंडी आत अगदी बेतशीर बसली. तांब्याभर पाणी ओतलं तरी एक थेंब बाहेर आला नाही. आधीच्या घरात टाइल्स होत्या, हिवाळ्यात कुंडीखालून पाणी वाहिलं तरी चालायचं. मला ही व्यवस्था फार आवडली. आता तुळस दक्षिणेच्या खिडकीत, हीटरच्या वरच्या कट्ट्यावर आहे.

ही तुळस आईच्या अंगणातल्या बियांची. तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे येताना तिने मंजिऱ्यांची पुडी दिली आणि एवढंच सांगितलं, "पाणी चुकवू नको." पुढच्या वर्षी ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. करमाळ्याकडचं घर बंद करून तिला पुण्याला सुरेखाकडे, माझ्या धाकट्या बहिणीकडे, जावं लागलं. बंद अंगणातली तुळस एका उन्हाळ्यात गेली. सुरेखाच्या फ्लॅटला ऊन नाही, तिथे काही जगत नाही. म्हणजे आईच्या तुळशीचं आता हे एकच झाड उरलं. रोज आमच्या सव्वासातला सुरेखा व्हिडिओ लावते, आई फोनमधल्या तुळशीला नमस्कार करते आणि मगच जेवते. तिथे तेव्हा पावणेबारा झालेले असतात.

मी नेम मोडलेला नाही. लहानपणी सकाळची शाळा असली की मी अंगणात राखुंडीने दात घासत उभा असायचो आणि आई भरलेला तांब्या तुळशीत रिकामा करायची. शेवटचा थेंब पडेपर्यंत तांब्या तिरका धरलेला. ते अजून डोळ्यांसमोर आहे. मीही तसंच करतो.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तुळशीचं लग्न लागलं. ऊस मिळाला नाही, त्याच्या जागी टोमॅटोच्या झाडांना लावलेल्या बांबूच्या काठ्या धुऊन उभ्या केल्या. अंतरपाट म्हणून भांडी पुसायचं नवं फडकं. ते निधीने, आमच्या मुलीने, धरलं. ती पंधरा वर्षांची आहे, मराठी सगळं येतं, पण इथल्या शाळेत गेल्यापासून उत्तर जर्मनमध्ये देते. मंगलाष्टकं चालू असताना तिने विचारलं की नवरीला कुणी विचारलंय का. लता म्हणाली, "तुझ्या वेळी विचारू हं."

खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ रॉयटर, म्हणजे रॉयटरबाई, यांना बोलावलं होतं. सत्तरीच्या आहेत, बाल्कनीत वर्षभर काही ना काही पिकवतात. त्यांनी पेढा खाल्ला, चांगला आहे म्हणाल्या आणि मला कळायच्या आत तुळशीच्या मातीत बोट खुपसलं, पार दुसऱ्या पेरापर्यंत.

"फार ओलं आहे, हेर बोरगे." हेर म्हणजे श्रीयुत, इथे शेजारीही असंच बोलतात.

मी म्हटलं, हे आमच्याकडे नुसतं झाड नसतं.

"असेल. पण मुळं झाडाचीच आहेत ना?" त्या म्हणाल्या.

बाई मनाने चांगल्या आहेत. पण पेढ्याचं बोट होतं ते. त्या गेल्यावर मी कुंडीवर गंगाजळ शिंपडलं, आणि आपण असं केलं याची थोडी लाजही वाटली.

२४ नोव्हेंबर, रविवार

रात्रीत पहिला बर्फ पडला. आज दिवसभर बाल्कनीची आवराआवर. फ्राऊ रॉयटर यांनी सांगितल्याप्रमाणे कुंड्यांखाली लाकडाच्या पट्ट्या घातल्या, कारण थंडी खालच्या सिमेंटमधून चढते. पुदिना बुडापासून कापून कुंडीला गोणपाट गुंडाळलं. लसूण मात्र बाहेरच राहू द्यायची, तिला बर्फ चालतो. मेथीचा ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत आणला. तिकडे शेतात मेथी पायाखाली येते, इथे एका ट्रेमधली चार बोटं भाजी तिघांनी कौतुकाने खाल्ली.

कढीपत्ता जिन्यातल्या थंड खिडकीत ठेवलाय. तो थंडीत झोपतो, पानं गाळतो, त्याला उठवू नका, असं फ्राऊ रॉयटर म्हणाल्या. मी तिकडे फारसा फिरकत नाही.

एक नोंद. लता हल्ली रोज, मी कामाला निघताना बूट घालत असतो तेव्हा, निळी बादली घेऊन तुळशीपाशी जाते. पूजेची जागा स्वच्छ ठेवावी असं तिलाही मनापासून वाटू लागलंय, याचं समाधान आहे. मी काही बोललो नाही. अशा गोष्टी बोलून दाखवल्या की कमी होतात.

४ डिसेंबर, बुधवार

लता उद्या नाशिकला निघतेय. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न, आणि वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशनही तेव्हाच. अकरा जानेवारीला परत येईल. रात्री बॅग भरता भरता सूचना चालल्या होत्या. निधीचं जिम्नॅस्टिक्स गुरुवारी. कागदाचा कचरा निळ्या डब्यात. मसाल्याच्या बरण्यांचा क्रम बदलायचा नाही.

"आणि तुळशीचं एक..."

"तुळशीचं मला नको सांगूस," मी म्हटलं. "ते खातं माझं आहे."

"अहो, पण ऐका तर."

"अगं, तीन वर्षं मीच बघतोय ना?"

"बरं," ती म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.

१४ डिसेंबर, शनिवार

आमचं दोघांचं बरं चाललंय. खिचडी मला येते. निधीला पास्ता येतो. दिवसाआड पाळी. काल कामावर गाडीच्या दरवाज्याच्या साच्याची चाचणी पहिल्याच फटक्यात बरोबर आली, पत्र्याला कुठे सुरकुती नाही. परत येताना आकाश मोकळं होतं. मनात नामस्मरण आपोआप चालू होतं. माणसाला याहून जास्त काय लागतं, असं वाटलं.

तुळस मात्र जरा मलूल दिसते. पानं खाली झुकलीत. हीटरने हवा कोरडी होते, तहान लागली असणार. आजपासून संध्याकाळी दिवा लावतानाही अर्धा तांब्या घालायचं ठरवलं.

२२ डिसेंबर, रविवार

पानं पिवळी पडून गळतायत. खालची आधी गेली, आता मधली. देवासमोर बसलो की लक्ष तिच्याकडेच जातं. माझ्या नेमात काही खोट आली का? परवा घाईत अंघोळीआधीच दिवा लावला होता, ते आठवलं. तेवढ्यासाठी देव रागावणार नाही, हे कळतं. तरी संध्याकाळचाही तांब्या आता पूर्ण भरून घालतोय.

सकाळी फोनवर उजवीकडची हिरवी फांदी दिसेल असा मोबाइल धरला.

"जरा हलव की रं," आई म्हणाली. "अर्धीच दिसतीय."

"नेट नीट नाही, आई."

"मग मघापासनं तुझं थोबाड कसं नीट दिसतंय?"

सुरेखा हसली. आईने नमस्कार केला आणि ती जेवायला गेली. तेवढं झालं म्हणून सुटलो.

जिन्यातल्या कढीपत्त्याला मी महिन्याभरात दोनदाच पाणी घातलं असेल. पानं नाहीत, पण खोड ठणठणीत आहे. ज्याची एवढी सेवा करतो ते सुकतं आणि ज्याच्याकडे बघतही नाही ते टिकतं. यात देवाचा काय हेतू असेल, विचार करून पाहिला. कळला नाही.

२९ डिसेंबर, रविवार

दिवाणखान्यात दोन दिवस कुबट वास येतोय. निधीला सांगून तिचे जिम्नॅस्टिक्सचे बूट बाल्कनीत ठेवायला लावले. ती चिडली, म्हणाली, ते बूट धुतलेले आहेत. तिच्या वयाच्या मुलांना स्वतःचा वास येत नाही.

२ जानेवारी, गुरुवार

आज जे केलं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःलाच वेगळं काही सांगता येणार नाही.

काल संध्याकाळी दिवा लावताना हात लागला आणि तुळशीची उरलेली पानंही खाली पडली. चार काड्या राहिल्या. सकाळी सव्वासातला फोन वाजला तेव्हा मी त्या काड्यांसमोर उभा होतो. वाजून थांबला. पुन्हा वाजला. आई जेवायची थांबलेली असणार. निधीने पास्त्यासाठी सुपरमार्केटमधून बाझिलिकुमचं, म्हणजे बेसिलचं, रोप आणलं होतं, ते ओट्यावर होतं. ही बाझिलिकुम म्हणजे तुळशीचीच बहीण, पानं मोठी आणि चकचकीत. मी ते रोप उचललं, देव्हाऱ्याशेजारी ठेवलं, पुढे समई सरकवली आणि फोन घेतला.

आईने डोळे मिटून, हात जोडून बाझिलिकुमला नमस्कार केला.

तेवढ्यात निधी ब्रश करत बाहेर आली. "बाबा, दास इस्ट डॉख बाझिलिकुम!" म्हणजे, ही तर बाझिलिकुम आहे.

"काय म्हणतीय गं पोरगी?" आईने विचारलं.

"भूक लागलीय म्हणते."

"मग दे की तिला कायतरी. माझ्यापुढं काय उभा राहिलास?"

फोन ठेवल्यावर निधी चूळ भरून आली. मग मराठीत म्हणाली, "आजीला सांगणार नाही मी." ती मराठीत बोलली याचा एरवी आनंद झाला असता.

५ जानेवारी, रविवार

आजही तेच.

"लई धष्टपुष्ट झालीय रं," आई म्हणाली. "तिकडचं अन्न मानवलं म्हणायचं हिला."

"हो, हीटरची ऊब आहे ना."

"पानं बी केवढाली! मंजिरी नाही धरली?"

"थंडी आहे, आई."

"व्हय, थंडी असंल." तिने डोळे बारीक करून पाहिलं. "तू नीट जेवतोस ना? वाळलास. लता कधी यायचीय?"

"शनिवारी."

"येऊ दे बाई लवकर."

तिला काही कळलेलं नाही. आणि ती जेवते आहे, जे मुख्य होतं. असं मनाला सांगतो, पण स्तोत्र म्हणताना दोनदा ओळ चुकलो. काड्यांना अजून रोज पाणी घालतो. नेम तरी चुकायला नको.

११ जानेवारी, शनिवार

लता आली. बूट काढायच्या आधीच म्हणाली, "वास कसला येतोय?"

"निधीचे बूट."

"बूट तर मला बाल्कनीत दिसले."

ती थेट खिडकीपाशी गेली. काड्या पाहिल्या. दोन्ही हातांनी आतली कुंडी धरून वर उचलली. हीटरने उडून जाऊनही पांढऱ्या कुंडीत चार बोटं पाणी साठलं होतं, काळं, वर तवंग. सगळ्या घरात तो वास पसरला.

"हे मी रोज सकाळी बादलीत ओतून काढायचे," ती म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

ती बादली आणायला गेली. नंतर मी वही चाळून चार डिसेंबरचं पान वाचलं. तिला काही विचारायची गरज उरली नाही.

म्हणजे मलूल पानं तहानलेली नव्हती, बुडत होती. आणि जितकी ती बुडत गेली तितकं मी जास्त ओतत गेलो. सकाळ-संध्याकाळ, स्तोत्र म्हणत.

लताने बोलावल्यावर फ्राऊ रॉयटर वर आल्या. जमिनीवर पेपर पसरून बसल्या. मुळं धुतली, काळी होती ती छाटली. मोजकी पांढरी उरली. कोरड्या मातीत, साध्या भोकाच्या कुंडीत झाड बसवलं, खाली बशी. मग नखाने काड्यांची साल खरवडून बघितली. तीन तपकिरी. चौथी, अगदी बुडाशी, नखाएवढी हिरवी.

"दहा दिवस पाणी नाही," त्या म्हणाल्या.

"थेंबभरही नाही?"

"हेर बोरगे," त्या म्हणाल्या, आणि लताकडे वळून तिलाच समजावून सांगितलं.

मग बाझिलिकुमचं मी लताला सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी होती. आधी हसली, मग डोळे पुसले. "अहो, आईंना फसवलंत तुम्ही?"

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. लताने तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी केली. सव्वा महिन्यानंतर घरात भाकरीचा वास आला, बरं वाटलं.

काल आणि आज दोन्ही दिवस पुन्हा बाझिलिकुमच दाखवली. लता बाजूला उभी होती. फोन संपल्यावर म्हणाली, "किती दिवस?"

"संक्रांत होऊ दे. सणाच्या तोंडावर नको. तिने जेवणच सोडलं तर?"

"त्या सोडणार नाहीत."

"तुला काय माहीत?"

"तुम्हाला तुमच्या आई माहीत नाहीत, एवढं मला माहीत आहे," ती म्हणाली आणि तीळ भाजायला घेतले.

मला खरी भीती दुसरी आहे. तिने सगळं सोडलं, घर, अंगण, गाव. एक तुळस माझ्या हाती दिली होती. ती मी माझ्या हातांनी, आणि भक्तीने, घालवली. हे तोंडातून कसं काढायचं?

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

सांगितलं.

फोन आला तेव्हा बाझिलिकुम स्वयंपाकघरातच ठेवली. तिळगुळाचं बोलणं झालं. आईने हात जोडायला पदर सावरला, तसा मी म्हटलं, "आई, थांब. थोडे दिवस मी तुला दुसरंच रोप दाखवत होतो. तुझी तुळस सुकली. माझ्या हातून जास्त पाणी झालं."

तिने हात खाली घेतले.

"दाखव," आई म्हणाली.

मी फोन वळवला. चार काड्या आणि कोरडी माती. बुडाशी हिरवं आहे ते बोट लावून दाखवलं.

"किती घालत होतास पाणी?"

"तांब्याभर. तू घालायचीस तसंच. शेवटी शेवटी दोन वेळा."

"थंडीत?" आई म्हणाली. "अरं, थंडीत मी कुठं तांब्या ओतायची? थंडीत पळीभर. दोन पळ्या. नाहीतर कुजून जाईल की ती."

"मी स्वतः बघितलंय, आई. दात घासत उभा असायचो."

"कधी बघितलंस? सकाळच्या शाळेला ना? म्हणजे उन्हाळ्यात. थंडीत तू गोधडीतनं बाहेर कधी आलास माझ्याआधी? दोनदा हाका मारल्याबिगर उठत नव्हतास. माझं पाणी घालून, सडा टाकून, चूल पेटलेली असायची तवा तू यायचास डोळे चोळत."

जे मी आयुष्यभर आईचा नेम म्हणून जपलं, तो तिचा अर्धाच नेम होता. उरलेला अर्धा मी झोपलेला असताना झाला.

"मंजिऱ्या ठेवल्यास का?" तिने विचारलं.

"देव्हाऱ्याखाली डबीत आहेत. गेल्या दिवाळीच्या."

"मग रडतोस कशाला? ऊन चढलं की टाक मातीत. आणि लता इकडं परत येईल तवा थोड्या मला पाठव. सुरेखाच्या शेजारणीच्या गच्चीला ऊन हाय, मी विचारून ठेवलंय." मग म्हणाली, "त्या दुसरीचं काय केलंस?"

"स्वयंपाकघरात आहे."

"खाऊ नका हां तिला आता. बारा दिवस नमस्कार घेतलाय तिनं माझा."

मागे निधी म्हणाली, "नाइन!" म्हणजे नाही. तिचा रविवारचा पास्ता गेला.

मी फक्त 'थोडे दिवस' म्हटलं होतं. बारा हा आकडा आईने कुठून काढला, ते समजलं नाही. सुरेखाने तोंडावर पदर धरला होता.

आईने मग त्या काड्यांना नमस्कार केला. रोज करते तसाच, डोळे मिटून, तेवढाच वेळ. आणि म्हणाली, "चल, ताट वाढ गं सुरेखा."

दुपारी सुरेखाचा निरोप आला. आईने गुळाच्या दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी मागितली.

१५ जानेवारी, बुधवार

तांब्या घासून, कोरडा करून वरच्या फळीवर ठेवला. एप्रिलपर्यंत तिथेच. पूजेतली पळी तेवढी काढून घेतली.

सव्वासातला फोन आला. मी कुंडीसमोर पळी घेऊन उभा होतो. हाताची सवय जात नाही.

"आज नाही ना घालायचं?" आईने विचारलं.

"फ्राऊ रॉयटर म्हणतात एकवीस तारखेपर्यंत नाही."

"मग त्या म्हणतात तसं कर. आणि तिळगूळ दिलास का बाईला?"

"आज देतो."

आईचा नमस्कार झाला. ती जेवायला गेली. लता टेबलावरून बघत होती.

मी मातीत बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. वर कोरडी, खाली गार ओल. पळी पालथी करून ताम्हनात ठेवली, हात जोडले आणि पाणी न घालता कामाला निघालो.